हातातला संगणक, टेबलावरच्या संगणकात
दोन यंत्रे, एक केबल आणि १९८४ मधली एक युक्ती : हस्तसंगणकातील फाइली मोठ्या संगणकावर 'आपल्याच' कशा दिसू लागतात?

ज्यांनी १९९० च्या दशकात हस्तसंगणक वापरला, त्यांच्यापैकी अनेकांच्या कपाटात तो आजही सापडेल. चष्म्याच्या घराएवढी पेटी, उघडल्यावर इवलासा कळफलक आणि लांबट, करडा पडदा. आत काय असते? पत्ते, दूरध्वनी क्रमांक, रोजनिशी, प्रवासात टिपलेल्या नोंदी, एखाद्या लेखाचा अर्धवट मसुदा. म्हणजे ज्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही, असे बरेच काही.

ब्रिटनमधील सायन या कंपनीची 'सिरीज ३' ही मालिका १९९१ मध्ये बाजारात आली आणि १९९७ मध्ये 'सिरीज ५' आली. हे दोन्ही संगणक पेन्सिल सेलच्या एका जोडीवर चालत. त्यांत हार्डडिस्क नव्हती. वापरणाऱ्याच्या सगळ्या फाइली, वेगळे कार्ड बसवले नसेल तर, यंत्राच्या स्मृतीतच राहत आणि ती स्मृती विजेच्या आधारावर जिवंत असे. मुख्य सेल संपले तर बटनाएवढा एक राखीव सेल काही काळ ती सांभाळून धरी. तोही संपला, की सारे पुसले जाई. त्यामुळे या फाइली वेळच्या वेळी मोठ्या संगणकावर आणणे ही चैनीची नव्हे, तर गरजेची बाब होती.

विंडोज वापरणाऱ्यांसाठी कंपनीने 'सायविन' नावाची संगणकप्रणाली दिली होती. परंतु विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत त्या काळी युनिक्सवर चालणारे संगणक मोठ्या संख्येने होते. पुढे लिनक्सही आले. त्यांच्यासाठी असे काही तयार मिळत नव्हते. ही उणीव काही हौशी, पण जाणकार प्रोग्रॅमरांनी भरून काढली. 'पी३एनएफएस' आणि नंतरचे 'पीएलपीटूल्स' हे त्यांचे मुक्त प्रोग्रॅम. त्यांनी निवडलेला मार्ग आजही समजून घेण्यासारखा आहे, कारण आपला मोबाइल संगणकाला जोडताना नेमक्या याच प्रश्नांची गाठ पडते.

तीन वाटा

दोन यंत्रांत फाइलींची देवाणघेवाण करण्याच्या साधारणपणे तीन वाटा आहेत. पहिली, नक्कल. फाइल इकडून तिकडे पाठवायची. ही झेरॉक्स काढण्यासारखी गोष्ट झाली. मूळ कागदावर नंतर काही खोडले, तर झेरॉक्सला ते कळत नाही. दोन्ही प्रतींत वेगवेगळ्या दुरुस्त्या झाल्या, की खरी कोणती, हा वाद सुरू होतो.

दुसरी वाट, मेळ घालणे. दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहणारा प्रोग्रॅम कोणती नोंद नवी आहे ते ठरवतो आणि दोन्ही बाजू सारख्या करतो. पत्त्यांच्या वहीसाठी हे उत्तम. पण त्या प्रोग्रॅमला प्रत्येक नोंदीची रचना माहीत असावी लागते, आणि त्याचा निर्णय चुकला तर चांगली नोंदही पुसली जाऊ शकते.

तिसरी वाट म्हणजे 'माउंट' करणे. येथे काहीही हलवले जात नाही. फाइल हस्तसंगणकातच राहते. मोठ्या संगणकाला मात्र ती आपल्याच एका फोल्डरमध्ये आहे असे दिसते. दोन खोल्यांमधील भिंतीत दार पाडावे, तसे हे आहे. सामान जागचे हलत नाही, पण हात तेथवर पोहोचतो. 'माउंट' हा शब्द मुळात चकत्यांचा संच उचलून यंत्रावर चढवण्याच्या कामावरून आला. युनिक्समध्ये सर्व फाइलींचे एकच झाड असते. नवी तबकडी चढवली, की त्या झाडाच्या ठरवून दिलेल्या फांदीवर तिच्या फाइली दिसू लागतात. तबकडी दुसऱ्या यंत्रात असली तरी हेच का करता येऊ नये, हा पुढचा प्रश्न.

जाळ्यावरची तबकडी

त्याचे उत्तर सन मायक्रोसिस्टिम्सने दिले. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. तेथे १९८४ मध्ये 'नेटवर्क फाइल सिस्टिम', म्हणजेच एनएफएस, विकसित झाली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम १९८९ मध्ये आणि तिसऱ्या आवृत्तीचे १९९५ मध्ये सर्वांसाठी खुले प्रसिद्ध झाले. कुणीही ते वाचावेत आणि त्यानुसार प्रोग्रॅम लिहावा, अशी मुभा असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक युनिक्समध्ये एनएफएसची सोय आली.

या पद्धतीत फाइली सांभाळणारा तो 'सर्व्हर' आणि त्या मागणारा तो 'क्लायंट'. एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांचे वैशिष्ट्य असे, की सर्व्हर क्लायंटविषयी काहीही लक्षात ठेवत नाही. बँकेच्या खिडकीवर आपण प्रत्येक वेळी खाते क्रमांकासह पूर्ण भरलेली चिठ्ठी देतो. खिडकीमागील कर्मचाऱ्याला आपला चेहरा आठवण्याची गरज नसते. मधल्या वेळेत कर्मचारी बदलला तरी काम अडत नाही. येथेही तसेच. क्लायंट 'पुढचा भाग दे' असे म्हणत नाही. 'अमुक फाइलीतील अमुक ठिकाणापासून इतकी अक्षरे दे' असे तो पूर्ण सांगतो. उत्तर वाटेत हरवले, तर तीच चिठ्ठी पुन्हा पाठवायची. 'बाराव्या पानावरील मजकूर द्या' असे दोनदा म्हटल्याने काही बिघडत नाही; 'पुढचे पान द्या' असे दोनदा म्हटले, तर मात्र एक पान निसटते.

सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी क्लायंटचे काम पुढे चालू राहावे, हा यामागचा हेतू. हस्तसंगणक तर वीज वाचवण्यासाठी क्षणाक्षणाला झोपी जाणारे यंत्र. त्याची केबल केव्हाही निसटू शकते. अशा लहरी जोडीदाराला ही विस्मरणशील पद्धत चांगलीच मानवते.

मधला दुभाष्या

पण सायनच्या पामटॉपला एनएफएस येत नव्हते. त्याला नेटवर्कचे कार्डही नव्हते. होती ती फक्त सिरियल केबल आणि तिच्यावरून बोलण्याची त्याची स्वतःची भाषा. मग हे जमले कसे?

युनिक्सला एखाद्या नव्या प्रकारच्या तबकडीची ओळख करून द्यायची, तर त्या काळी कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नवा भाग लिहावा लागे. ते काम अवघड आणि जोखमीचे असते. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमध्ये चूक झाली तर सगळा संगणक कोलमडतो. शिवाय प्रत्येक जातीच्या युनिक्सचा गाभा वेगळा, म्हणजे तितक्या वेळा तेच काम करणे आले.

या अडचणीतून काढलेली वाट अशी. एनएफएसचा क्लायंट प्रत्येक युनिक्समध्ये तयारच असतो. तेव्हा मोठ्या संगणकावरच एक साधा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याने एनएफएस सर्व्हर असल्याची बतावणी करायची. गाभ्याला वाटते, आपण जाळ्यावरील कुठल्यातरी सर्व्हरशी बोलत आहोत. प्रत्यक्षात तो सर्व्हर त्याच यंत्रात बसलेला दुभाष्या असतो. एका बाजूने तो एनएफएसची भाषा ऐकतो, तर दुसऱ्या बाजूने सिरियल केबलवर पामटॉपची भाषा बोलतो. ही क्लृप्ती इतरत्रही वापरली गेली होती. बेल लॅब्जमध्ये मॅट ब्लेझ यांनी १९९३ मध्ये फाइली कुलूपबंद ठेवणारी 'सीएफएस' ही प्रणाली याच पद्धतीने बांधली होती.

आपण एखादी फाइल उघडतो, तेव्हा घडणारा क्रम पाहू. लेखनाचा प्रोग्रॅम गाभ्याकडे फाइल मागतो. फाइलीचा पत्ता माउंट केलेल्या फांदीवरचा आहे, हे गाभ्याला कळते आणि तो ते काम आपल्या एनएफएस क्लायंटकडे सोपवतो. क्लायंट प्रथम 'या नावाची फाइल आहे का?' असे विचारतो, मग तिची लांबी व तारीख, आणि शेवटी मजकूर. प्रत्येक प्रश्न दुभाष्याकडे येतो. तो त्याचे भाषांतर करून केबलवरून धाडतो, पामटॉपकडून आलेले उत्तर पुन्हा एनएफएसच्या साच्यात बसवतो आणि गाभ्याला देतो. लेखनाच्या प्रोग्रॅमला यातील कशाचाही पत्ता नसतो, आणि सारी गंमत तिथेच आहे. फाइल शोधणे, शब्द धुंडाळणे, नक्कल काढणे, गठ्ठा बांधणे, यांसाठी युनिक्सवर असलेली सर्व अवजारे एकही अक्षर न बदलता पामटॉपमधील फाइलींवर चालू लागली.

अरुंद वाट

आता आकड्यांकडे वळू. 'सिरीज ५' ची सिरियल केबल सेकंदाला जास्तीत जास्त १,१५,२०० बिट वाहून नेई. एका अक्षरामागे आरंभ व शेवटच्या खुणा धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. एक मेगाबाइट आणायला दीड मिनिट, तर आठ मेगाबाइटला सुमारे बारा मिनिटे. आधीच्या 'सिरीज ३ए' चा वेग होता १९,२०० बिट. तेथे एका मेगाबाइटलाच नऊ मिनिटे लागत.

एनएफएस मात्र कार्यालयातील वेगवान जाळ्यासाठी घडवलेली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत एका चिठ्ठीत जास्तीत जास्त ८,१९२ बाइट मागता येतात. सिरियल केबलवर एवढा मजकूर यायला ०.७१ सेकंद लागतात. आणि लिनक्सचा जुना एनएफएस क्लायंट उत्तराची वाट पाहून पहिल्यांदा अधीर व्हायचा तो ०.७ सेकंदांनी! उत्तर वाटेवर असतानाच तो तोच प्रश्न पुन्हा विचारी. सर्व्हर विस्मरणशील असल्याने त्यातून चूक घडत नाही. पण आधीच अरुंद असलेल्या वाटेवर तोच माल दुसऱ्यांदा निघू शकतो. म्हणून अशा जोडणीत वाट पाहण्याचा काळ वाढवणे किंवा एका वेळी मागायचा मजकूर कमी करणे आवश्यक ठरते.

आधुनिक डेस्कटॉपच्या सवयीही येथे नडतात. फोल्डर उघडताच प्रत्येक फाइलीचे चित्र दाखवण्यासाठी फाइल मॅनेजर तिचा आरंभीचा भाग वाचून पाहतो. शंभर फाइलींचे प्रत्येकी चार किलोबाइट वाचायचे म्हटले, तर केबलवर पस्तीस सेकंद जातात. पाहणाऱ्याला वाटते, संगणक अडकला.

यावर उपाय म्हणजे एकदा आणलेली माहिती जवळ साठवून ठेवणे. पण साठवणीचा स्वतःचा एक धोका असतो. लिनक्सचा एनएफएस क्लायंट फाइलीची लांबी, तारीख अशी माहिती, वेगळी सूचना नसेल तर, ३ ते ६० सेकंदांपर्यंत खरी मानून चालतो. तेवढ्यात आपण पामटॉपवर नवी नोंद केली, तर मोठ्या पडद्यावर काही काळ जुनेच चित्र दिसत राहील. दुसऱ्याच्या हातातील वहीत डोकावून तिची माहिती पाठ म्हणण्यातला हा धोका आहे.

न जुळणारे संसार

वेगाहून चिवट अडचण वेगळीच आहे. दोन यंत्रांची फाइलींविषयीची समजच निराळी असते. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीला मालक असतो, गट असतो. कोणी वाचावे, कोणी लिहावे याची परवानगी असते. पामटॉप एकाच माणसाच्या खिशातला; त्याला मालक ही कल्पनाच नको. मग दुभाष्या सर्व फाइली माउंट करणाऱ्याच्या नावावर दाखवून मोकळा होतो. युनिक्समध्ये ड्राइव्हची अक्षरे नसतात. सायनमध्ये अंतर्गत स्मृतीला 'सिरीज ३' वर एम आणि 'सिरीज ५' वर सी असे अक्षर होते. दुभाष्या त्या अक्षरांचे फोल्डर करून दाखवतो. 'सिरीज ३' वर फाइलीचे नाव आठ अक्षरांचे आणि शेपूट तीन अक्षरांचे. मोठ्या संगणकावरून लांबलचक नाव दिले, तर ते नाकारण्यावाचून किंवा छाटण्यावाचून गत्यंतर नाही.

मालकीच्या या मुद्द्यात सुरक्षेचाही प्रश्न दडलेला आहे. जुन्या एनएफएसच्या नेहमीच्या पद्धतीत सर्व्हर क्लायंटच्या शब्दावर विश्वास ठेवतो. 'मी अमुक क्रमांकाचा वापरकर्ता आहे' असे क्लायंटने सांगितले, की झाले. दुभाष्या फक्त आपल्याच यंत्राचे ऐकत असेल, तोवर हे चालून जाते. त्याने बाहेरच्या जाळ्यासाठी दार उघडे ठेवले, तर पामटॉपमधील रोजनिशी शेजारच्या टेबलावरूनही वाचता येईल.

शेवटचा मुद्दा केबल निसटण्याचा. एनएफएसमध्ये माउंट करण्याचे दोन प्रकार आहेत. 'हार्ड' प्रकारात सर्व्हर परत येईपर्यंत क्लायंट चिकाटीने विचारत राहतो. त्या फाइलीवर काम करणारा प्रोग्रॅम तोवर गोठून बसतो. 'सॉफ्ट' प्रकारात तो काही प्रयत्नांनंतर हार मानून चूक कळवतो. पहिल्या प्रकारात वेळ जातो. दुसऱ्यात प्रोग्रॅमने ती चूक मनावर घेतली नाही, तर मजकूर जातो, आणि तोही आपल्या नकळत. खिशातल्या यंत्राच्या बाबतीत यातील कोणताही पर्याय निर्धोक नाही. म्हणूनच केबल काढण्यापूर्वी 'अनमाउंट' करणे, म्हणजे साठवणीत अडकलेले सारे पलीकडे पोहोचवून दार रीतसर बंद करणे, हा या विद्येतला पहिला नियम.

पुढे काय झाले?

शार्प कंपनीचा 'झॉरस एसएल-५५००' २००२ मध्ये आला, तेव्हा चित्र पालटले. हा हस्तसंगणक स्वतःच लिनक्सवर चालत होता आणि यूएसबी केबलवरून मोठ्या संगणकाशी खरेखुरे नेटवर्क जोडत होता. दुभाष्याची गरजच उरली नाही. फाइली वाटून देणारा सर्व्हर हस्तसंगणकातच चालवता येऊ लागला. मोठ्या संगणकाच्या बाजूनेही बदल झाला. 'फ्यूज' नावाची सोय २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. साध्या प्रोग्रॅमने फाइलींचे झाड रचावे आणि गाभ्याने ते मान्य करावे, असे अधिकृत दार तिने उघडले. सर्व्हर असल्याचे सोंग घेण्याचे कारण संपले. 'पीएलपीटूल्स'नेही आपला एनएफएसचा भाग बाजूला ठेवून फ्यूजचा मार्ग धरला.

मोबाइलच्या जगात मात्र उलटे वळण आले. सुरुवातीचे अनेक अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर पेन ड्राइव्हसारखे दिसत. त्यासाठी फोनला आपले कार्ड पूर्णपणे संगणकाच्या हवाली करावे लागे. एकाच तबकडीवर दोन मालकांनी एकाच वेळी लिहिले तर तिची रचना बिघडते, म्हणून तोवर फोनलाही ते कार्ड वापरता येत नसे. अँड्रॉइडने २०११ च्या सुमारास त्याऐवजी 'एमटीपी' ही पद्धत स्वीकारली. तीत तबकडी फोनच्याच ताब्यात राहते. संगणक फाइल मागतो आणि फोन देतो. ही देवाणघेवाण मुख्यतः अख्ख्या फाइलीची असते. म्हणून फोनमधील फाइल संगणकावरच्या सगळ्याच प्रोग्रॅमांना थेट उघडून तिथल्या तिथे दुरुस्त करता येत नाही. ती आधी उतरवून घ्यावी लागते. 'फोन जोडला, फाइल दिसते, मग सेव्ह का होत नाही?' या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बरेचदा येथे असते.

आपण काय ध्यानात ठेवावे?

यंत्र सायन असो वा आजचा फोन, काही गोष्टी बदललेल्या नाहीत. माउंट केलेली फाइल म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. पडद्यावर दिसते म्हणून ती आपल्या संगणकात आली, असा समज अनेकांचा होतो आणि फोन हरवल्यावर तो महागात पडतो. फाइल प्रत्यक्ष उतरवून घ्यावी, केबल काढावी आणि मग ती उघडून पाहावी. तरच ती आली असे समजावे. मोठी दुरुस्ती उतरवलेल्या प्रतीवर करावी, केबलच्या पलीकडील मूळ फाइलीवर करू नये. हस्तसंगणकावर उघडी असलेली फाइल आधी तेथे बंद करावी. फाइली वाटून देणारा सर्व्हर फोनवर चालवत असाल, तर उपाहारगृहातील किंवा विमानतळावरील वायफायवर तो न विसरता बंद ठेवावा.

जुना पामटॉप खणातून काढणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. फाइली हाती येणे हे अर्धेच काम आहे. सायनच्या लेखनप्रणालीची फाइल आजचे प्रोग्रॅम सहसा ओळखत नाहीत. यंत्र चालू आहे तोवर तिचे साध्या मजकुरात रूपांतर करून घ्यावे. सेल बदलताना मुख्य आणि राखीव असे दोन्ही सेल एकाच वेळी काढू नयेत.

गंमत अशी, की सोंग घेणारा तो दुभाष्या निवृत्त झाला असे वाटत असतानाच पुन्हा कामावर आला आहे. ॲपलने आपल्या मॅक संगणकांच्या गाभ्यात बाहेरच्यांनी लिहिलेले भाग घालण्यावर कडक बंधने आणली. त्यामुळे मॅकवर फ्यूजची सोय देऊ पाहणाऱ्या 'फ्यूज-टी' या प्रणालीने गाभ्याला हात न लावता त्याच यंत्रात एक एनएफएस सर्व्हर चालवण्याचा जुनाच मार्ग निवडला. केबल गेली, पामटॉप गेला, ज्या कंपनीत एनएफएस जन्मली ती सनही २०१० मध्ये ओरॅकलच्या मालकीची झाली; पण नियम खुले ठेवल्यामुळे ती भाषा राहिली. खणातल्या त्या पेटीतील नोंदी मात्र अशा राहणार नाहीत. त्यांचे आयुष्य बटनाएवढ्या सेलवर अवलंबून आहे. तेव्हा तो खण आजच उघडलेला बरा.